पाठीवरचा गेरू

लोणीच्या धनगरवस्तीवर म्हाळसाबाईशी भांडण काढायची कुणाची छाती होत नाही, आणि म्हाळसाबाईला भांडणाशिवाय करमत नाही. त्यामुळे ती बिचारी बहुतेक वेळ मेंढरांशीच भांडत असते. "अगं ए भवाने, तिकडं कुठं निघालीस? सासर हाय का तुझं तिकडं?" असं एखादीवर खेकसताना ती दिसली की रस्त्यानं जाणारे मोटारसायकलवालेसुद्धा गाडी हळू करतात. ऐकायला मजा येते. बाई साठीच्या घरातली, उंचीनं बेताची, पण आवाज असा की ओढ्यापलीकडच्या माणसाला 'काय म्हणालात?' असं विचारावं लागत नाही.

या बाईनं करोनाच्या दुसऱ्या लाटेत जे केलं, त्यावरून गावात अजून दोन तट आहेत. अर्धं गाव म्हणतं, बाई वाघ आहे. अर्धं म्हणतं, बाईचं डोकं फिरलंय. दोन्ही तटांची माणसं चहा प्यायला तिच्याच ओट्यावर बसतात, ती गोष्ट निराळी.

तिचा नवरा सोनबा. शांत माणूस, दिवसभरात दहा शब्द बोलला तर त्यातले आठ मेंढरांशी. एके काळी दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचा, पण दम्यानं धरल्यापासून ते बंद झालं. आता मेंढरं इथंच, आसपासच्या शिवारात चारायची. त्या वर्षी चैत्रात सोनबाचा धाकटा भाऊ भागू तापानं पडला. दवाखान्यात नेला तो घरी आलाच नाही. प्लास्टिकात गुंडाळलेला लांबून दाखवला, बस्स. सोनबा रडलासुद्धा नाही. तोंडावर गमजा धरून खोकत राहिला.

तेव्हापासून म्हाळसाबाईला एकच धास्ती होती. सोनबा खोकला की तिचं हातातलं काम थांबायचं. भाकरी तव्यावर असो नाहीतर कोकरू मांडीत असो, ती मान वळवून बघायची. ज्या रोगानं धडधाकट भागूला नेला, तो या दमेकऱ्याला काय सोडतो? याला लस टोचून आणायची, मग बाकी जगाचं काय व्हायचं ते होऊ दे, असं तिनं मनाशी घेतलं.

पण टोचायला कुणी तयार होईल तर शपथ! निर्मला सिस्टर लशीची निळी पेटी खांद्याला अडकवून वस्तीवर दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा चहा पिऊन परत. कुणी म्हणालं, पुरुषाचं पुरुषपण जातंय. कुणी म्हणालं, म्हाताऱ्यांची पेन्शन वाचवायला सरकारनं काढलंय. आणि म्हाळसाबाईचा पोरगा दत्ता, जो पिकअपमधून आळेफाट्याला कांदे पोचवतो आणि तिथल्या टपरीवरून रोज नवी बातमी उचलून आणतो, त्यानं तर मोबाईलच आईच्या नाकासमोर धरला.

"बघ आई, लई मोठा डाक्टर हाय ह्यो. म्हंतोय, लस घेणारा दोन वर्सात मरणार."

"कुटला डाक्टर?"

"फारेनचा."

"आपल्याकडं कवा आलावता त्यो? आपली गुरं-मेंढरं बघाया?"

दत्तानं मोबाईल खिशात घातला. पण सोनबानं ते ऐकलं होतं. तो म्हणाला, "आदी तू घे. तुला काय झालं न्हाई, तर मी घेईन."

"आं? माझ्यावर परीक्षा बगताय व्हय?"

"तूच नाचतीयास ना सुई सुई करून?"

सोनबानं एका दमात एवढं बोलणं ही मोठीच गोष्ट होती. म्हाळसाबाईनं ते कबूल म्हणून धरून ठेवलं. आपण टोचून घ्यायचं, ठणठणीत राहून दाखवायचं, की म्हाताऱ्याला पळवाट नाही.

एकटीनं जाणं मात्र तिच्यानं होईना. तिनं बयाबाईला गाठलं.

बयाबाई ही गावातली बागायतदारीण. उन्हाळ्यात कांदा निघाला की बयाबाईच्या मोकळ्या वावरात म्हाळसाबाईची मेंढरं बसायची, वावराला खत व्हायचं, आणि या दोघी बांधावर बसून मिश्री लावत गावाचा निकाल लावायच्या. असं एक-दोन नाही, लग्न होऊन आल्यापासूनचं. बयाबाईला साखर होती, ब्लड प्रेशर होतं, आणि भरत नावाचा शिकलेला मुलगा होता. तो पुण्याकडं कंपनीत कामाला, पण लॉकडाऊनमुळं घरी होता. तो आईला सांगत होता, "थांब जरा. एवढ्या घाईनं आलेली लस आहे, तुला आधीच दुखणी आहेत. मी चौकशी करतो, मग बघू." आता यात वेड्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. पण भरत मंचरला गेल्याचं बघून म्हाळसाबाई दारात उभी राहिली.

"बया, चल की गं. येकटी जाऊ व्हय मी मरायला?"

"भरत्या वराडंल."

"वराडू दे. तुला काय दादला हाय का त्यो?"

बयाबाई खो खो हसली आणि नवं हिरवं लुगडं नेसून निघाली.

दत्तानं दोघींना पिकअपमधून सरकारी दवाखान्यात सोडलं. टोचलं. अर्धा तास बाकावर बसवलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई, वृषाली त्यांचं नाव, त्यांनी बजावून सांगितलं, "आजी, आता सरळ घरी जायचं, भरपूर पाणी प्यायचं, आराम करायचा." बाहेर दत्ता गाडी लावून उभाच होता.

आणि म्हाळसाबाईनं दत्ताला रिकामा पाठवून दिला.

त्याचं असं आहे. मेंढरांना सरकारी डॉक्टर लस टोचतात, तेव्हा टोचलेल्या मेंढराच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा, म्हणजे तेच पुन्हा टोचलं जात नाही. आणि टोचून झालं की कळपाला बसू द्यायचं नाही, चालवायचं. मेंढरू बसलं तर औषध एका जागी गोळा होतं, चाललं तर अंगभर पसरतं, असं सोनबाचा बाप सांगायचा. खरं की खोटं, कुण्या डॉक्टरला कुणी विचारलं नाही. पण सगळी वस्ती तसंच करते.

"गाडीत बसलं तर दंडातच ऱ्हाईल औशीद," म्हाळसाबाई म्हणाली. "चाल बया, पाय मोकळं कर."

दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली तिनं पदराच्या गाठीतला गेरूचा खडा काढला. थुंकीनं ओला केला आणि बयाबाईच्या हिरव्या लुगड्यावर, पाठीवर, चांगला जाड पट्टा ओढला. मग खडा बयाबाईला देऊन स्वतः पाठ करून उभी राहिली. दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या पाठी रंगवून मे महिन्याच्या उन्हात हायवेच्या कडंनं निघाल्या. हॉटेलवाले बघायला लागले, तशी म्हाळसाबाई ओरडली, "बगा रं बाबांनो! आमी टोचलेल्या हाय! दोन वर्सांनी मरतोय का, मोजाया या!" बयाबाईला हसून हसून ठसका लागला.

घरी पोचेपर्यंत बयाबाई निम्मी झाली होती, पण हसतच होती.

दोघींनाही ताप आला. म्हाळसाबाईनं तो सोनबाला कळू दिला नाही; कण्हायचं असलं की मेंढरांमागं जाऊन कण्हायची. तिचा ताप उतरला. बयाबाईचाही उतरला म्हणाले. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बयाबाई गोठ्यात शेण काढता काढता खाली बसली ती उठलीच नाही. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

गावाला दुसरं कारण लागतंय कशाला? लशीनं गेली. दुपारपर्यंत बयाबाईचा फोटो फुलांच्या चौकटीत घालून मोबाईलवर फिरला, खाली लिहिलं होतं, 'आणखी किती बळी?' निर्मला सिस्टर गावात शिरली की लोक दारं लोटून घ्यायला लागले. आणि तयार होत आलेला सोनबा म्हणाला, "आता माझं नाव काडू नगंस." त्यानंतर त्याला खोकल्याची उबळ आली, आणि म्हाळसाबाई वेड्यासारखी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

भरतनं अग्नी दिला त्या वेळी तिच्याकडं ढुंकून बघितलं नाही. मग निरोप आला: मेंढरं वावरातून काढा. आत्ताच्या आत्ता.

दुपारचं ऊन मी म्हणत होतं. दत्ता रागानं लाल होऊन मेंढरं हाकायला लागला, तसा सोनबा एकदम ओरडला, "आरं थांब! ऊन उतरू दे! मारतोस का मेंढरं?"

म्हाळसाबाई मेंढरांभोवती लावायची वाघुरीची जाळी गुंडाळत होती. तिचे हात तिथंच थांबले. मेंढरं सांजच्याला टोचतात. टोचल्यावर चालवतात ती गारव्यात. भर उन्हात कधीच नाही. हे तिला जन्मापासून माहीत होतं, आणि दवाखान्याबाहेर ती नेमकं तेवढंच विसरली होती. बयाबाईला तिनं भर उन्हात चालवत आणलं होतं, आणि वर हसली होती.

तिनं जाळी तशीच टाकून दिली. दत्तानं विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं नाही.

वस्तीचा कारभारी दादाभाऊ संध्याकाळी आला. भला माणूस, पण भांडणाला भिणारा. म्हणाला, "वहिनी, सिस्टरनं सांगितलंय, बयाबाईचं नाव कुणी काडायचं न्हाई. वरच्या सायबांचा फोन आलावता. बोललं की आफवा वाडतात. हार्टफेल झाली म्हनायचं आन गप बसायचं."

"गप बसायचं?"

"तुमच्याच भल्यासाठी म्हंतोय."

आता म्हाळसाबाईला 'गप बस' म्हणणं म्हणजे आगीत रॉकेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या टेबलापुढं उभी होती.

"पोरी, खरं सांग. बया कशानं मेली?"

वृषाली डॉक्टरांनी दार लोटून घेतलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या महिन्यात सगळ्याच डॉक्टरांचे तसे असायचे. म्हणाल्या, "आजी, खरं सांगू? मला माहीत नाही. त्यांना साखर होती, हृदयाचं असू शकतं. लशीचं असेल का? नाहीच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. लाखांत एखाद्याला लशीनं मोठा त्रास होतो. शवविच्छेदन झालं असतं तर काही कळलं असतं. मी कळवलंय वर, चौकशी होईल."

"मी तिला उन्हातनं चालवली. त्यानं मेली का?"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "चालवायला नको होतं. पण त्यानंच गेल्या, असंही मी म्हणणार नाही. माहीत नाही, आजी."

म्हाळसाबाईनं पदरानं डोळे पुसले. "मंग ह्येच वस्तीवर येऊन सांग."

"मला बोलायची परवानगी नाही. वरून सांगितलंय."

"वरनं म्हंजी कुटनं? देवाकडनं? पोरी, तुमी शहाणी मानसं गप बसताय, म्हून त्यो मोबाईल बोलतोय! तुला ठावं न्हाई, तर ठावं न्हाई म्हून सांग. पर तोंड उगड!"

रविवारी बिरोबाच्या देवळापुढं माणसं जमली. तोंडाला मास्क कमी, हनुवटीला जास्त. डॉक्टरीणबाई आल्या. निर्मला सिस्टर पेटी न घेता आली. आणि भरत आला. त्याच्या काखेत बयाबाईचं हिरवं लुगडं होतं.

डॉक्टरीणबाईंनी जे टेबलापाशी सांगितलं तेच इथं सांगितलं. लपवलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी लशीनं बी गेली आसंल!"

"असेल," त्या म्हणाल्या. "नसेलही. चौकशीत कळलं तर मी स्वतः येऊन सांगेन."

"बघा, बघा, कबूल करतीय!"

एकच गलका झाला. दादाभाऊनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात भरत पुढं आला. त्यानं लुगडं उलगडलं आणि गेरूचा पट्टा सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"हे बघा. मला न विचारता, मी घरात नसताना नेलं माझ्या आईला. नेलं ते नेलं, पाठीवर खूण केली. माझ्या आईला मेंढरू केलं हिनं! परीक्षा बघायची होती ना? तुमच्या घरचं माणूस मिळालं नाही का, म्हाळसाबाई?"

कालपर्यंत मावशी म्हणणारा पोरगा आज नावानं बोलत होता. म्हाळसाबाईनं काठी घट्ट धरली. गप्प बसली असती, रडली असती, तर लोकांनी तिला सोडलं असतं. भरतचा राग सरकारवर गेला असता, लशीवर गेला असता, बाई बाजूला राहिली असती. वस्तीनं तर तिला सांभाळूनच घेतलं होतं. बिचारीला काय कळतंय, सिस्टरनं फसवलं, असं म्हणून.

ती उठली. काठी टेकत मधोमध आली.

"भरत खरं बोलतोय," ती म्हणाली. "त्याला न इचारता न्हेली. आन आजून येक हाय, त्ये कुनाला ठावं न्हाई. दत्ता गाडी घिऊन उबा व्हता. ह्या डाक्टरणीनं सांगितलंवतं, सरळ घरी जा, आराम करा. मीच शहानी! म्हनलं, मेंढरावानी चालवली की औशीद पसरंल. दुपारच्या उन्हात चालवत आनली मी बयाला. मेंढराला सुदिक आपुन आसं चालवत न्हाई."

दादाभाऊ खुणेनं तिला 'बसा, बसा' म्हणत होता.

"तवा सुईला कशापायी शिव्या देताय? सुईला कान हायती का? मला द्या! बया माझ्या चालवण्यानं मेली, का सुईनं मेली, का तिच्या साखरंनं मेली, ह्या डाक्टरणीला ठावं न्हाई. मला न्हाई. भरतला न्हाई. आन त्या मोबाईलला तर बिलकुल न्हाई! पर भागू कशानं मेला, त्ये समद्यांस्नी ठावं हाय. त्याचा फोटू कुनी फिरावला न्हाई. का? त्यो मानूस नव्हता?"

"आई, बास कर," दत्ता म्हणाला.

"का बास? मला आयुष्यात कुनी बास केलं न्हाई, तू करनार? ऐका. दुसरी सुई आली की मी घेनार. आन उद्या ह्यांना घिऊन जानार." तिनं काठी सोनबाकडं केली.

भरतचा आवाज चिरका झाला. "आणि हे गेले तर? मग काय सांगणार आहात?"

म्हाळसाबाई वळली.

"तर माझं कुक्कू जाईल, भरत. त्ये मी लावून बसलीया. तुझ्या आईचा जीव डावाला लावला म्हंतोस ना? आता माझाच लावते. आजून काय लावू, सांग!"

भरतनं लुगड्याची घडीसुद्धा नीट केली नाही. तसंच बोळा करून काखेत मारलं आणि निघून गेला.

माणसं चुळबुळायला लागली. सोनबा देवळाच्या पायरीवर बसला होता. त्यानं खोकून घेतलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "सकाळच्या गार वक्ताला जाऊ. आन गाडीतनं. मी चालनार न्हाई, आत्ताच सांगतो."

कुणीतरी हसलं. मग दादाभाऊ हसला. वस्तीवरचं वारं तेवढ्यानं बदललं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी दत्ताच्या पिकअपमध्ये चढली ती मोजकीच माणसं, आणि त्यातलं एक वेशीपाशी पोट दुखतंय म्हणून उतरलं. दत्तानं स्वतः घेतली की नाही? घेतली. आईनं कानाला धरून.

जाताना भरतच्या वाड्यापाशी, म्हणजे त्याच्या बंगल्याच्या फाटकापाशी, म्हाळसाबाईनं गाडी थांबवली. दत्ता म्हणत होता, नको. ती उतरलीच. भरत अंगणात होता.

"भरत, गाडीत जागा हाय," ती म्हणाली.

भरतनं फाटक लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

"बरं," म्हाळसाबाई म्हणाली आणि गाडीत बसली.

सोनबाला टोचलं. अर्धा तास ती त्याच्या नाकाशी कान लावून बसली होती, इतकी की सिस्टर म्हणाली, आजी, त्यांना श्वास घेऊ द्या. मग लिंबाखाली तिनं गेरू काढला. सोनबानं पांढरी बंडी घातली होती. तो पाठ करून उभा राहिला.

पुढच्या जानेवारीत सोनबाला ताप आला. तपासलं तर करोनाच. खोकून खोकून त्यानं वस्ती हैराण केली, म्हाळसाबाईनं मेंढरांना सोडून त्याच्याशी भांडण मांडलं, "उटा म्हंते ना, उटा, माझं नाक कापू नका!" आणि आठवड्याभरात म्हातारा उठून मेंढरांमागं गेला. लशीमुळं वाचला की नशिबानं, यावरही गावात दोन तट आहेत. म्हाळसाबाईचा एकच आहे.

बयाबाईच्या चौकशीचंही उत्तर आलं. कारण निश्चित सांगता येत नाही, एवढंच. डॉक्टरीणबाईंची तोवर बदली झाली होती, तरी त्या शब्द दिल्याप्रमाणं मुद्दाम येऊन सांगून गेल्या. भरतला सांगितलं, मग वस्तीवर येऊन म्हाळसाबाईला सांगितलं. म्हाळसाबाईनं त्यांना कोकराएवढी भाकरी बांधून दिली. त्या दिवशी ती कुणाशीच भांडली नाही.

भरतच्या वावरात मेंढरं बसली नाहीत ती नाहीतच. त्या बांधावरून जाताना म्हाळसाबाई मान ताठ ठेवून जायची, आणि पुढं गेल्यावर डोळे पुसायची. सोनबा मागून बघायचा.

मग मोबाईलवाल्या डॉक्टरनं दिलेली दोन वर्षांची मुदत संपली. दुसऱ्या कुणाच्या ध्यानात नव्हतं. म्हाळसाबाईच्या होतं. तिनं सकाळी सोनबापुढं पाठ केली आणि म्हणाली, "वडा पट्टा." सोनबानं ओढला. तशीच ती गावातून निघाली. पारावरच्या म्हाताऱ्यांना पाठ दाखवली, किराणा दुकानाला दाखवली, कांद्याच्या चाळीवर फोटो काढणाऱ्या पोरांना म्हणाली, "काडा, काडा! आता ह्यो फिरवा!" आणि शेवटी भरतच्या फाटकापाशी गेली.

फाटक उघडं होतं. भरत पायरीवर बसून बूट घालत होता. कंपनी केव्हाच पुन्हा सुरू झाली होती, आता तो घरूनच जाऊन-येऊन करायचा.

"दोन वर्सं झाली," म्हाळसाबाई बाहेरूनच म्हणाली. "मेली न्हाई. ह्ये सांगाया आले. तुला बरं वाटो का वाईट वाटो." आणि तिनं पाठ फिरवली.

भरत त्या पट्ट्याकडं बघत राहिला. मग उठून आत गेला. म्हाळसाबाईला वाटलं, आता कडी लागणार. पण तो बाहेर आला तेव्हा हातात हिरवं लुगडं होतं. नीट घडी घातलेलं. पट्टा तसाच होता, फक्त कडेनं फिका पडला होता.

"धुतलं नाही अजून," तो म्हणाला.

म्हाळसाबाईनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "तिनं माझ्या पाठीवर वडलेला मी त्याच दिवशी धुतला रं. मला काय ठावं?"

भरत खाली बघत होता. "एक विचारायचं होतं, मावशी. दोन वर्षं झाली विचारायचंय." तो थांबला. "चालताना आईला त्रास होत होता का? काय बोलत होती?"

"दमली व्हती. खोटं न्हाई सांगत," म्हाळसाबाई म्हणाली. "पर हसत व्हती. वाटभर तुलाच शिव्या देत व्हती. म्हनली, भरत्या माझा बाप व्हाया बगतोय. आन हसली. ठसका लागस्तवर हसली."

भरतनं तोंड फिरवलं.

"तू घेतलीस का रं सुई?" म्हाळसाबाईनं विचारलं.

"कंपनीनं घ्यायला लावली. दोन्ही."

"मंग वळ."

"मावशी, कामावर निघालोय."

"वळ म्हंते ना!"

भरत वळला. कंपनीच्या इस्त्री केलेल्या शर्टावर तिनं गेरूचा पट्टा ओढला, वरपासून खालपर्यंत, सरळ.

पाठ तशीच ठेवून भरत म्हणाला, "मेंढरं आणून बसव वावरात. पण ऊन उतरल्यावर आण."

"मला शिकवतो व्हय रं, काल जन्मलेला!" म्हाळसाबाई ओरडली. ओढ्यापलीकडं सोनबाला ऐकू गेलं. आणि तिथंच, बयाबाईच्या पायरीवर बसून, ती ढसाढसा रडली.